कमूचा दमा आणि वडावरची वटवाघळं

रवि., २३ नोव्हेंबर १९५८. वेस्ट मांबलम.
कमूला पहाटेपासून परत धाप. पाच वर्षांचं लेकरू, खांदे उचलून श्वास घेते. डॉ.नी तीच पांढरी पुडी दिली. शेजारच्या पार्वतीअम्मा सांगून गेल्या, दम्यावर वटवाघळाचं मांस हमखास. शिसारीच आली. हे म्हणाले, इकडे दक्षिणेत देतात खरं. आमच्या तंजावरकडेही.

सोम., २४
सासूबाईंना गंमत म्हणून सांगितलं. सात वर्षांत या घरात कांदा शिरू दिला नाही त्यांनी. वाटलं, कानांवर हात ठेवतील. तर म्हणाल्या, "औषध म्हणून द्यायचं. जेवण म्हणून नव्हे."
मिरजेच्या माझ्या आईलाही हे ऐकून चक्कर येईल. डोकं चालत नाही.

गुरु., २७
डॉ. म्हणाले, नुसती समजूत आहे, त्या मांसाचा दम्याशी काही संबंध नाही. हेही डॉ.च्या बाजूचे. पण ह्यांचंच म्हणणं, वटवाघूळ आंधळं असतं! मग कोणाचं खरं धरू?
येताना कमूला तळ्याकाठच्या वडावरची वटवाघळं दाखवली. केसांत अडकतात म्हणून मी डोक्यावरून पदर घट्ट धरलेला. एकही खाली आलं नाही. एकीच्या पोटाशी पिल्लू, दूध पीत होतं. आमच्याकडे टकाटका बघत होती, आंधळी कसली. कमू म्हणाली, "ती पण अम्मा आहे."
नकोच ते.

शनि., २९
फार वाईट दिवस. ओठ निळे पडले. डॉ. येऊन इंजेक्शन देऊन गेले. सासूबाई तिला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून. मनात म्हटलं, आणा काय आणायचं ते. मनातच. मोठ्यानं बोलले नाही, बहुतेक.

बुध., ३ डिसें.
शाळेतून आले (दोन हिंदीचे तास, मुली ढिम्म). कमू सरळ उताणी झोपलेली. घरघर नाही. किती महिन्यांनी!
सासूबाई भर दुपारी दुसऱ्यांदा न्हालेल्या. स्वयंपाकघर जसंच्या तसं, पण परसात दगडांची चूल, आणि नवं मडकं फोडून टाकलेलं. जेवल्या नाहीत. आज ना एकादशी ना चतुर्थी. विचारलं, "आई, उपास कसला?"
"असाच. पोरीला उठवूं नको."
कमू उठल्यावर म्हणाली, आजीनं कषायम् दिलं, कडू. कषायम् तर काढा. काढा स्वयंपाकघरात झाला असता की. मग...

शुक्र., ५
डॉ.नी छाती तपासली, साफ. म्हणाले, इंजेक्शननं आराम पडला, हवाही कोरडी झाली. नवं काही दिलंत का? मी नाही म्हटलं. खरं बोलले की खोटं, मलाच ठाऊक नाही. हे खूष.
सासूबाई अजून नुसत्या दुधावर. विचारण्याचा धीर होत नाही. हो म्हणाल्या तर भांडेन की पाया पडेन? आणि नाही म्हणाल्या तर? पुढच्या वेळी धाप लागली तर काय करायचं?
दोघींची पानं मांडली. त्या आल्या नाहीत. मी माझंही पान उचललं आणि जाऊन त्यांच्याशेजारी बसले. त्यांनी कारण विचारलं नाही. कमू जिन्यावरून वरखाली धावत होती, आम्ही दोघी तिचा श्वास ऐकत होतो.