गुडघ्यासाठी मागितलेली प्रार्थना

रविवार, १४ जून

प्रिय धाकटोबा,

मामांकडे सुखरूप पोचलास हे कळलं. जेवतोस ना नीट? आईचा खोकला उतरलाय, पण तुझा विषय निघाला की ती भांडी आपटते.

आंतरचर्च फुटबॉल बंद झालं. तू पळालास आणि आपल्या पोरांनी कोपऱ्यातले झेंडे उपटून समोरच्या चर्चच्या लोकांना झोडपलं. त्यांनी बाकडं फेकलं, ते मध्ये पडलेल्या पाळकांना लागलं. भुवईला टाके घेऊन आज त्यांनीच उपदेश केला. विषय क्षमेचा. कुणी मान वर केली नाही.

इकडचं तिकडचं लिहितेय, तुला कळलंच असेल.

"पाय घसरला एवढंच सांग, ताई. रेफरी तू, तू म्हणशील ते खरं," हा तुझा निरोप मिळाला.

सामन्याआधी आपण प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याच्यासाठी प्रार्थना करतो. तू त्यांच्यातल्या बेकरीवाल्याला विचारलंस, "काय मागू तुझ्यासाठी?" तो हसला. "डावा गुडघा माग, बाबा. ऑपरेशन झालंय. आमच्या कॅप्टनला कळू देऊ नकोस, बाहेर बसवेल." मी शिट्टी घेऊन शेजारीच होते. तू डोळे मिटून मागितलंस, अगदी मनापासून.

मग त्याने तुला चकवून गोल केला. आपलीच पोरं तुला हसली.

पुढच्या वेळी चेंडू केव्हाच पुढे गेला होता. तू दोन्ही पायांनी त्याच्या डाव्या गुडघ्यावर उडी घेतलीस. हाड कातडी फाडून बाहेर आलं. "पाय सोड, अरे, पाय सोड!" तो मातीत ओरडत होता. तू बूट उचललास आणि पुन्हा तिथेच हाणलास.

मी स्वतःला खोदून खोदून विचारलं. मला नीट दिसलं का? थोरलेपणा गाजवतेय का? पहिल्या वेळी पाय घसरला असं मानून पाहिलं. दुसऱ्या वेळचं काय मानू?

काल त्याचा पाय कापला. दवाखान्याच्या जिन्यात त्याच्या बायकोने माझा हात धरला. "तुमच्या भावाला ठाऊक होतं का हो, गुडघ्याचं?"

मी हो म्हणाले. तिथून चौकीत गेले आणि सगळं सांगितलं. पोलिसांनी मामांचा पत्ता विचारला. तोही दिला.

पत्र आईच्या हाती देतेय. तिच्यासोबत परत ये. मी चौकीच्या दारात उभी असेन. पळणार असशील, तर कुठे ते मला कळवू नकोस. विचारलं तर मी सांगेन.

तरीही तुझीच,
ताई