हाताला लागलेला आवाज

लेह, ५ एप्रिल

आबा,

एवढ्या लांबून तुमच्या दीक्षाचा जयभीम. फोनवर तुम्हाला ऐकू येत न्हाई, आन् ही बातमी आईकडून कळण्यापेक्षा तुम्ही स्वतः वाचावी म्हणून लिहितेय.

हिवाळाभर बर्फातनं पळवलेली आमच्या ऑफिसची जीप महिनाभर घूंऽऽ करत होती. कुणी म्हणे टायर, कुणी म्हणे गिअरबॉक्स. मेकॅनिक कान लावून लावून दमला. मंगळवारी घाटात तर आवाज एवढा वाढला की... जाऊ द्या, आईला सांगू नका.

शेवटी मीच पुढं झाले. एकेक चाक जॅकवर उचलायला लावलं. एका हातानं चाक फिरवायचं, दुसरा पंजा वरच्या स्प्रिंगवर ठेवायचा, तुम्ही खुटबावला उसाच्या ट्रॉल्यांना करता तसंच. मेकॅनिक हसला, "हाथ से कौन सुनता है, मॅडम?"

तीन चाकं मुकाट फिरली. मागचं डावं फिरवलं आन् हाताला वाळू दळल्यासारखी खरखर लागली! म्हटलं, बेअरिंग. खोललं तवा बर्फाचं पाणी शिरून गंजलेलं बेअरिंगच निघालं. आता तो मला उस्ताद म्हणतोय.

तुम्ही कानाचं मशीन लावता का, का कपाटातच हाय? आईचा गुडघा कसा हाय?

आन् एक काम करा. 'बहिऱ्याला आवाजातलं काय कळतंय' म्हणून ज्या मालकानं तुम्हाला दौंडच्या गॅरेजातनं काढलं, त्याला हे पत्र वाचून दाखवा. मोठ्यानं.

तुमच्याच हाताची,
दीक्षा