कोरा कागद

२ जानेवारी, नळदुर्ग
खात्यानं मला ग्रॅमचा दहा लाखावा हिस्सा तोलणारा काटा दिला. चहा प्यायला पेला मात्र दिला नाही. देशाच्या वैज्ञानिक प्रगतीवरचा हा कलंक मी सकाळी सात वाजता एकट्यानं सोसला. शेवटी शेजारच्या ढाब्यावरच्या प्रेमाबाईंनी स्टीलचा पेला उसना दिला. वर बजावलं, परत पायजे बरं का, आधीचे महालिंगप्पा साहेब माझा पेला न देताच वर गेले.

काम सोपं. हायवेवरच्या ट्रकांचा धूर गाळणकागदावर धरायचा, काजळी द्रावकात उतरवायची आणि यंत्राला विचारायचं, यात कॅन्सरवाली रसायनं किती? जोडीला एक कोरा कागद बंद काचपेटीत ठेवायचा. त्यावर जे निघेल ते धुराच्या आकड्यातून वजा करायचं. तोलण्याआधी कागदावर हलकी फुंकर मारायची माझी जुनी खोड. वीस वर्षांत कुणी टोकलं नाही.

५ जानेवारी
कोऱ्या कागदावर रुपयाएवढा करडा डाग. पेटी घट्ट बंद. यंत्र म्हणतं, डिझेल. नियमानुसार वजा केलं. हायवे तेवढाच शुद्ध झाला. खात्याचे साहेब फोनवर लई खूश.

८ जानेवारी
आज दोन कोरे कागद ठेवले. एकावर फुंकर मारली, एकावर नाही. न फुंकलेला दुधासारखा पांढरा.
येऊन सातच दिवस झालेत. इतक्यात माणूस आतून एवढा भरत नाही. मला कळतं हे. माझा विषय आहे.

१० जानेवारी
खणात महालिंगप्पांचे कोरे कागद सापडले. तारखांसकट चौदा. करडा, राखी, काळा. माझे नऊ शेजारी मांडले. डागाला डाग जुळतो.
प्रेमाबाई म्हणाल्या, तेबी लई फुंकायचे. चौदाव्या दिवशी टेबलावरच गेले. नाकातला कापूस तीनदा बदलला म्हणे. तीनदा काळा झाला.

१३ जानेवारी
धाराशिवच्या एसटीत बसलो. पुढच्या बाईच्या खांद्यावर बाळ झोपलेलं. पांढरं टोपडं. त्यावर, माझ्या तोंडासमोर, करडा डाग—
उतरलो. चालत परत. तोंडाला ओला रुमाल.

१५ जानेवारी
चौदावा.
अहवाल पाठवला. काही वजा केलं नाही.
प्रेमाबाई दार वाजवतायत. चहा आणलाय. उत्तर देत नाही — श्वास धरून—
पेला राखेनं तीनदा घासला. खिडकीच्या गजांतून बाहेर ठेवला.
बाई, कुणाला द्यायच्या आधी तो उकळून—