सात कपडे आणि एक अस्तर

कास्तेलविस्को,
शनिवार, २४ ऑक्टोबर, दुपारचे चार

आदरणीय आणि लाडक्या फोस्कामावशीला भाची मिरेलाकडून दोन्ही गालांवर एकेक पापी, आणि उजव्या हाताला एक जास्तीची (सुईचा हात तो, त्याचा मान वेगळा).

तुझे गुडघे कसे आहेत? वर डोंगरात थंडी सुरू झाली असेल, तेव्हा रात्री गरम विटेचा शेक घेतेस ना? कोंबड्या अंडी देतायत का? फादर अमेदेओंसाठी उपासाच्या दिवसांत घालायचा नवा झगा शिवायला घेतला होतास, तो त्यांच्या पोटावर नीट बसला का? सगळी चौकशी फोनवरच केली असती, पण सप्टेंबरपासून तू माझा आवाज ऐकला की फोन ठेवतेस. त्या दिवशी तू मला ऑफिससाठी तपकिरी सूट सुचवलास आणि मी म्हणाले, की मला थिएटरच्या ऑफिसात जायचंय, चेस्टनटचं पोतं म्हणून बाजारात नाही. एवढंच तर म्हणाले! इतकं मनाला लावून घ्यायचं असतं का? (हो, म्हटल्यावर हसले होते, ते मान्य आहे.) तरी तू मला हवं तसं ग्रे जाकीट शिवून दिलंस, शब्दही न बोलता, आणि आतलं अस्तर आपल्या मनाने लावलंस. त्या अस्तरावर पुढे येतेच.

आधी हे सांगते, की सगळं उत्तम चाललंय. वकिलांकडे अकरा वर्षं दस्तऐवज टाइप केल्यावर हे ऑफिस म्हणजे मोकळी हवा आहे. थिएटरच्या तिसऱ्या मजल्यावर माझं टेबल, पत्रव्यवहार सगळा माझ्याकडे. नेमणूक मात्र तात्पुरती. आमचे व्यवस्थापक पेद्रेल्लीसाहेब म्हणाले, की ३१ तारखेला हंगामाचा पहिला प्रयोग आहे, तो विघ्न न येता पार पडला की कायम. मला वाटलं, प्रयोगाशी माझा काय संबंध? मी कपड्यांच्या मागे लागले. तुला माहीतच आहे, मी काही करायला घेतलं की पद्धतशीर करते. बायका शरद ऋतू आला की कपाट उघडून रडतात, कारण त्यांच्याकडे कपडे ढीगभर आणि योजना शून्य. मी फक्त सात कपडे ठरवले: ग्रे जाकीट, ग्रे पँट, स्कर्ट, स्वेटर, ठिपक्यांचा ब्लाउज, स्कार्फ आणि हातमोजे. ग्रे सोडून बाकी सगळं एकाच रंगातलं, म्हणजे काहीही कशावरही चालतं. तीन आठवडे एक जोडी पुन्हा दिसणार नाही, हे मी कागदावर चौकोन आखून सिद्ध केलं होतं. दरवर्षीसारखी ऋतुबदलाची आवराआवर केली, उन्हाळी कपडे पिशव्यांत भरले, आणि जुने लोकरी कपडे तर तुझ्याकडे पाठवूनच दिले, गावातल्या गरजूंना वाटायला. माणसाने मागे वाट ठेवू नये, असं माझं मत होतं.

आता रंग. मावशी, तो रंग द्राक्षं तुडवल्यावर खाली जो चोथा राहतो, त्याचा आहे. दुकानदारीणही तेच म्हणाली. थिएटरात जांभळा रंग चालत नाही हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, इथे शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असतं. पण एक तर हा जांभळा नव्हे, आणि दुसरं म्हणजे ते नटांचं, गायकांचं. तिसऱ्या मजल्यावरच्या पत्रव्यवहाराला कसला अपशकुन?

सोमवारी सकाळी स्कर्ट, स्वेटर आणि वर स्कार्फ अशा थाटात मी दारात पोचले. दारावर ओरेस्ते असतो, चाळीस वर्षं तिथेच असलेला जुना दरवान. त्याने मला पाहिलं आणि अपशकुन टाळायला लोखंडाला हात लावतात तसा किल्ल्यांचा जुडगा असा घट्ट धरला, की लोखंड वितळतंय की काय वाटावं. म्हणाला, “बाई, हे काय घालून आलात?” मी शांतपणे सांगितलं, द्राक्षाचा चोथा. “रंग मला शिकवू नका,” तो म्हणाला. “माझ्या पणजोबांच्या काळी चर्च उपासाचे चाळीस दिवस थिएटरला कुलूप ठोकायचं. फादर लोक हा रंग मिरवायचे आणि आमचे लोक उपाशी मरायचे. चोथा म्हणे!” आणि मावशी, तो माणूस तडक समोरच्या भाजीवालीकडे गेला, एक वांगं घेऊन आला आणि माझ्या बाहीला लावलं. तोवर दोन सुतार आणि एक बासरीवाला जमले होते. वांगं बाहीवर दिसेनासं झालं. मी म्हणाले, वांगं जून आहे. कोणी ऐकून घेतलं नाही.

पेद्रेल्लीसाहेबांनी मला बोलावलं आणि सगळं संभाषण टेबलाच्या खणाकडे बघत केलं, एक हात लोखंडी रेडिएटरवर. त्याच दिवशी रंगमंचाचा पडदा निम्म्यावर अडकला. तो एप्रिलपासून अडकतोय, तशी तक्रार फाइलमध्ये आहे, आणि ती फाइल मी स्वतः त्यांच्यापुढे नेऊन ठेवली. त्यांनी ती पेन्सिलीच्या टोकाने उघडली. मग बासरीवाल्याला शिंका लागल्या, तेही माझ्या नावावर. साहेब म्हणाले, “ताई, तुमचं टायपिंग फार सुंदर आहे हो. पण असंच चाललं तर एकतीसनंतर ते दुसरीकडे सुंदर करावं लागेल.”

घाबरेल ती मी कसली! मंगळवारी मी जांभळ्याचं (म्हणजे चोथ्याचं) प्रमाण कमी केलं. पण माझी योजना इतकी पक्की, की कुठलीही जोडी करा, तो रंग डोकावतोच. ओरेस्तेने स्कार्फ दारातच काढून घेतला आणि लोखंडी बादलीखाली झाकून ठेवला. बुधवारी हातमोजे बादलीखाली गेले. गुरुवारी मी ग्रे पँट, ग्रे जाकीट घातलं आणि बटणं गळ्यापर्यंत लावली, कारण आत घालायला सातांपैकी चालण्याजोगं काहीच उरलं नव्हतं. आत होती फक्त तू दर नाताळला देतेस ती लोकरीची बनियन. ओरेस्तेने मला दोनदा गोल फिरवून पाहिलं आणि आत सोडलं. ऑफिसात रेडिएटर उकळत होते, मी घामाने निथळत होते, पण एक बटण काढलं नाही. एक तर खाली बनियन, आणि दुसरं म्हणजे तुझं ते अस्तर. मावशी, त्या अस्तराला तर मीसुद्धा चोथा म्हणू शकत नाही. ते जांभळं आहे.

दुपारी साहेबांच्या सहीसाठी कागद घेऊन मी रंगमंचावर गेले. तालीम थांबलेली. आमच्या मुख्य गायिका झानोबिनीबाई खुर्चीत बसून गळ्याला हात लावून सांगत होत्या, की कुठूनतरी वाऱ्याची झुळूक येतेय, मानेवर बसतेय, आणि झुळूक असताना त्या गात नाहीत. बाईंची गंमत अशी, की शेवटच्या गाण्यातला सगळ्यात वरचा सूर त्यांचा दोन वर्षांपासून फाटतोय. त्यामुळे झुळूक येते ती नेमकी त्याच गाण्याला. सगळी दारं बंद केली तरी झुळूक थांबेना. शाल कोणाला सापडेना. साहेबांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. “ताई, तुमचं जाकीट द्या.” मी म्हणाले, साहेब, मला सर्दी आहे. “द्या म्हणतो ना!”

दिलं. अस्तर आत राहील असं जपून मी ते बाईंच्या खांद्यांवर चढवलं आणि सगळ्या वाद्यवृंदासमोर बनियनवर उभी राहिले. पण अशा ऐटीत उभी राहिले, की एक व्हायोलिनवाली हळूच विचारायला आली, हे कुठे मिळतं. मग बाईंनी गायला सुरुवात केली. खोटं नाही सांगत, मला गाण्यातलं काही कळत नाही, पण तो वरचा सूर आला, राहिला, आणि जाईचना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ओरेस्ते दाराशी टोपी काढून उभा होता.

आणि मग बाईंनी आनंदाने दोन्ही हात पसरले. जाकीट उघडलं, खाली पडलं, उलटं. दिव्याखाली ते अस्तर असं काही चमकलं! पन्नास हात एकाच वेळी लोखंडाकडे धावले, आणि ज्या पुरुषांच्या जवळपास लोखंड नव्हतं त्यांनी कुठे हात लावला ते मी तुला लिहीत नाही, तू रोज चर्चला जाणारी बाई. साहेब माझ्याकडे बघत खिशातल्या किल्ल्या चाचपत होते. मनात म्हटलं, मिरेला, संपलं. वकिलांकडची जागा गेलेली, वय बेचाळीस, आणि अंगात बनियन.

झानोबिनीबाईंनी अस्तराकडे पाहिलं. मग वाकल्या, जाकीट उचललं, झटकलं आणि परत घातलं. “हे मला लागणार,” त्या म्हणाल्या. “प्रत्येक प्रयोगाला. अंगरख्याच्या आत.” मी एवढंच शिकले, की या लोकांत जांभळ्याहून मोठा एकच धाक आहे: जे अंगावर असताना नीट झालं, ते पुढे बदलायचं नाही. साहेबांनी कपाळ पुसलं आणि निवाडा दिला, की अस्तर म्हणजे काही कपडा नव्हे. ओरेस्तेने तर काल माझ्यासाठी दार उघडून धरलं (स्कार्फ मात्र बादलीखालीच आहे).

तेव्हा माझी काळजी करू नकोस. म्हटलं ना, सगळं उत्तम आहे. गुडघ्यांना जप. फादरना नमस्कार.

तुझीच,
मिरेला

ता. क. माझे जुने कपडे वाटून झाले का? नसतील तर जे असेल ते पत्र मिळताच पहिल्या बसने पाठव. काल मी भावाच्या स्वेटरमध्ये ऑफिसला गेले, त्यावर हरीण आहे. आणि तू शिवणार होतीस तो तपकिरी सूट अजून शिवशील का? तुझं बरोबर होतं मावशी. मी हसायला नको होतं.

ता. ता. क. खरं म्हणजे पत्र याचसाठी लिहायला घेतलं. काल श्वास भरताना जाकीट बाईंच्या दोन्ही बगलांत उसवलं, पाठीतही. बाई माझ्या दीडपट आहेत. गुरुवारच्या रंगीत तालमीपर्यंत ते वाढवून मिळालं नाही तर त्या गाणार नाहीत, त्या गायल्या नाहीत तर प्रयोग नाही, आणि प्रयोग नाही तर मी नाही. साहेबांनी हे मला खणाकडे न बघता सांगितलं. अस्तर मात्र तेच हवं, बाई बोटाने चाचपून बघणार आहेत. तू स्वतःच ये. पहिल्या रांगेतली खुर्ची तुझ्या नावाने ठेवलीय, जाण्यायेण्याला गाडी.

ता. ता. ता. क. एवढं भारी रेशीम कुठलं, असं बाईंनी विचारलं. मी बेधडक कोमोचं, रेशमाच्या त्या नावाजलेल्या गावचं, म्हणून सांगितलं. मग रात्री अंथरुणावर पडल्यावर फादर अमेदेओंचा तो उपासाचा नवा जांभळा झगा आठवला आणि ताडकन उठून बसले. मावशी, ते उरलेलं कापड होतं का? असेल तर लिहू नकोस, ओरेस्ते पत्रं उजेडात धरून वाचतो. फक्त पाठीला आणि दोन बगलांना पुरेल एवढं घेऊन ये. आणि आता काहीच उरलं नसेल, तर बघ ना, फादर तसे ठेंगणेच आहेत.