दहा हातांवर वीतभर

लातूर
९ एप्रिल १९८६

अक्का, शरणार्थ.

दाजींनाही शरणार्थ सांग, घेतला तर घेतील. इथं आम्ही बरे हाओत. तारामतीची कंबर धरली होती, आता उठून बसून काम करते. टँकर तिसऱ्या दिवशी येतो आणि बायका घागरींच्या रांगेत अशा भांडतात की मी घरातून बाहेर निघत न्हाई. जिल्हा होऊन चार वर्षं झाली, पाट्या नव्या लागल्या, नळ मात्र तसेच कोरडे.

तू विचारलंस, जमिनीची मोजणी सोडून साहेबाच्या बंगल्यावर काय करून राहिलास? हसू नको. चेंडू मारून राहिलो.

साहेब हैद्राबादकडचे. त्यांना गोल्फचा लई नाद. काठीनं चेंडू मारत न्यायचा आणि भोकात घालायचा, एवढाच खेळ. भोकाजवळचा शेवटचा हलका टोला असतो, त्याला पटिंग म्हणतात. त्याला खरं तर हिरवळ पाहिजे, पण माणसाला प्यायला न्हाई तिथं गवताला कोण पाणी घालतो? म्हणून वाळूत जळकं ऑइल कालवून बंगल्यामागं अंगणाएवढी जागा दाबून घेतली. एका टोकाला दुधाच्या पावडरीचा डबा पुरला, तेच भोक. सपाटी बघायला मला बोलावलं. दुर्बीण लावून चारी कोपरे तपासले. सुताचाही उतार न्हाई, अक्का. सही करून दिली.

मग साहेब म्हणाले, "शंकरप्पा, तुमचा जन्म रेषा बघण्यात गेला. मारा एक." शिकवलंही त्यांनीच. चेंडूवर पेन्सिलीनं रेघ ओढायची, रेघ भोकाकडं करायची. भोकाकडं बघून मारायचंच न्हाई. चेंडूपुढं हातभर अंतरावर एखादा खडा हेरायचा आणि त्याच्यावरून चेंडू न्यायचा. डोळे बरोबर चेंडूवर, खांदे रेषेला धरून. मी म्हटलं, साहेब, ही तर आमची मोजणीत झेंडी लावायची तऱ्हा. लांबचं साधायचं तर जवळचं नीट धरायचं.

मारला. दहा हातांचं अंतर. चेंडू खड्यावरून नीट गेला, आणि पुढं कुणी हाक मारल्यासारखा डावीकडं वळला. भोकापासून वीतभर लांब जाऊन थांबला. वीस वेळा मारला, वीस वेळा तिथंच. साहेबांचा सरळ जातो, शिपायाचाही सरळ जातो. माझाच जात न्हाई.

असो. वय झालं. आमच्या सासऱ्यांच्या, धोंडप्पांच्या घरचे तुला विहिरीवर पाणी भरू देतात का, ते कळव. हे पत्र तू एकटीच वाच. दाजींना वाचून दाखवायचं काही कारण न्हाई.

तुझा
शंकर

लातूर
२० एप्रिल

अक्का, शरणार्थ.

तुझं पत्र पोचलं. दोन घागरी मिळतात, त्याही त्यांची जनावरं पिऊन झाल्यावर, आणि मेहुणा कुलूप घेऊन कठड्याशी उभा असतो, हे वाचलं. तारामतीला वाचून दाखवलं. ती पीठ मळत होती, तशीच मळत राहिली.

तू लिहिलंस, चष्मा करून घे, आमच्या शेताच्या त्या मोजणीलाही उन्हानं तुझे डोळे दिपले होते. चौदा वर्षं झाली, तू अजून तेच धरून बसलीस.

डोळ्याचंही पाहिलं, बाई. साहेबांनी एक युक्ती शिकवली. दोन्ही तळव्यांचं खिडकीसारखं भोक करायचं, त्यातून लांबचा खांब बघायचा, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला खांब जागेवर दिसतो तो मालक डोळा. माझा उजवा निघाला. झेंडी बघायला जन्मभर तोच लावला. साहेब म्हणाले, "शंकरप्पा, तुमच्या नजरेत दोष न्हाई." दोष निघाला असता तर बरं झालं असतं.

मग खिळे ठोकून दोरा ताणला, भोकाच्या मधोमध. दोऱ्याखालून मारला. निम्म्यापर्यंत दोऱ्याखाली, पुढं डावीकडं. वीतभर.

आता दुसरी गोष्ट. तू घाबरू नको. परवा दुपारी साहेब दौऱ्यावर होते, शिपाई जेवायला गेलेला. कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. मी चिडलो. चेंडू उचलला आणि हातानंच डब्यात टाकला. डबा चार बोटं खोल, टक् वाजायला पाहिजे. वाजलाच न्हाई. मी वाकलो. एक श्वास गेला, दुसरा गेला, आणि खाली लांब कुठंतरी 'डुब्' झालं. खोल पाण्यात दगड पडावा तसं. मग गारवा आला वर, ओल्या मातीचा. लातुरात गेल्या पावसापासून हा वास कुणी घेतला न्हाई.

हात घातला तर चेंडू डब्याच्या बुडाशीच. पण ओला.

शिपाई आल्यावर त्याला टाकायला लावला. टक् वाजलं.

तो वास कुठला ते मला कळलं, अक्का. दाजींच्या विहिरीला पहिलं पाणी लागलं तेव्हा तू त्यातला ओला गाळ माझ्या कपाळाला लावला होतास. तोच वास. यापुढं आज लिहवत न्हाई.

तुझा
शंकर

लातूर
५ मे

अक्का,

आज शरणार्थ लिहायला हात धजत न्हाई. हे पत्र दाजींना समोर बसवून मोठ्यानं वाच. मध्ये थांबू नको.

हिशेब सोपा हाय. दहा हातांवर वीतभर. हद्दीच्या दगडापासून ती विहीर दोन साखळ्यांवर, म्हणजे चव्वेचाळीस हातांवर. वीत वाढवत न्या, दोन साखळ्यांवर दोन हात होतात, थोडं वरच. दोन हातांनीच विहीर धोंडप्पांच्या शेतात गेली.

ऊन कडक होतं हे खरं. वरचे मोजणीदार चक्कर येऊन लिंबाखाली पडले आणि मला म्हणाले, तूच लाव झेंडी. आपल्या माणसाच्या शेतात आपण झेंडी लावायची न्हाई, हा आमच्या कामाचा पहिला नेम. मी नको म्हणालो न्हाई. दगडावरून पाहिलं. रेषा विहिरीच्या पलीकडून जात होती, लख्ख दिसत होती. विहीर तुमचीच होती. धोंडप्पा माझ्या पाठीशी उभे होते. आदल्या दिवशीच तारामतीच्या लग्नाचा विषय काढून म्हणाले होते, "जावई आपला असला म्हणजे रान आपलंच." मी हात वर केला आणि झेंडी धरलेल्या माणसाला डावीकडं सरकवलं. एकदा. मग अजून एकदा. तो थांबला तिथं दगड रोवला.

डोळे दिपले न्हाईत, अक्का. मी बघून केलं.

तू त्याच विहिरीच्या पाण्याचं ताक दिलंस मला, आणि दाजींना म्हणालीस, "माझ्या भावानं पाहिलंय, मग रेषा बरोबरच असंल." दाजी माझ्याकडं बघत राहिले. त्या दिवसापासून बोलले न्हाईत. त्यांना ठाऊक होतं. तुझ्यापायी गप बसले, असं मला वाटतं.

काल तारामतीला सगळं सांगितलं. वाटलं होतं, रडंल, भांडंल. ती म्हणाली, "बाबांनी मला हळदीच्या दिवशीच सांगितलं होतं. तुम्ही कधी बोलता याची वाट बघत होते." चौदा वर्षं एका ताटात जेवलो आम्ही. आपला भाऊ चिडंल, माहेर तुटंल, हे तिला कळतं. तरी म्हणाली, "लिहा."

आज सकाळी हापिसात लेखी जबाब दिला, खोटा दगड मीच लावला म्हणून. नोकरी जाईल. जाऊ दे. फेरमोजणीचा अर्जही केला. दाजींनी अंगठा दिला की तारीख पडंल.

तिथून बंगल्यावर गेलो. रेघ भोकाकडं केली, खडा हेरला, मारला. या वेळी चेंडू वळला न्हाई. सरळ गेला आणि आत पडला. टक् वाजलं न्हाई. किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. मग खाली, लई खाली, पाणी वाजलं. आणि त्याच्या मागनं रहाट फिरल्याचा आवाज आला, कुणीतरी सावकाश बादली ओढून राहिल्यासारखा. मी पळून आलो. चेंडू मात्र मुठीत होता. कधी उचलला, आठवत न्हाई.

मोजणीला मी येईन, परवानगी मिळो न मिळो. लांब बांधावर उभा राहीन, कशाला हात लावणार न्हाई. झेंडी तू धर, अक्का. दगडावरून दाजींना बघू दे. ते सांगतील तिकडं सरक.

खालची अक्षरं फुटलीत, ती मी रडलो म्हणून न्हाई. कागद उडू नये म्हणून चेंडू वर ठेवला होता. सकाळपासून तीनदा पुसला, अजून पाझरून राहिलाय.

तुझा भाऊ लिहावं की न्हाई, ते मोजणीनंतर तू सांग.

शंकरप्पा