वरच्या फळीवरची बाटली

४ जानेवारी

ह्यांची सायकल आज भिंतीवरून खाली काढली. चार वर्षांनी! शेजारच्या नर्सबाईंना द्यायची ठरवलंय. त्यांच्या ड्युटीच्या वेळची बस बंद झाली, रोज पायी जातात. "पण तुम्हाला चालेल ना?" चारदा विचारलं त्यांनी. चारदा हो म्हटलं.

पुढचा ब्रेक दाबला तर लिव्हर आत गेली ती तिथेच. बोटांनी ओढून बाहेर काढावी लागली. चाक तरीही फिरेना.

५ जानेवारी

सायकल व्हरांड्यात उभी. येता-जाता कोपर लागतं. दोनदा मी तिलाच "सरका की जरा" म्हणाले. सवय.

६ जानेवारी

मुलाचा फोन. महिन्याच्या पहिल्या रविवारी करतो, तसा. सांगितलं, ब्रेक अडकतोय, मिस्त्रींकडे नेते, ते उघडून बघतील. तो घाईघाईने — "कशाला उघडतेस? भंगारात दे. नर्सबाईंना मी नवी घेऊन देतो."

"चांगली सायकल आहे रे."

"आई, ऐक ना माझं. एकदा तरी!"

त्याच्या मनात काय आहे ते कळतं मला. अपघाताआधी ब्रेकचं काम त्यानेच केलं होतं. शनिवारी येऊन नवे पॅड बसवले, ब्रेकमधलं तेल बदललं; ह्या सायकलीचा ब्रेक तारेवर नाही, तेलाच्या दाबावर चालतो. मंगळवारी उतारावर पुढचं चाक जागच्या जागी आवळलं आणि हे हँडलवरून पुढे फेकले गेले. इस्पितळात दोन दिवस काढले, मग गेले. तो घरून ह्यांचे कपडे घेऊन इस्पितळात आला, तेव्हा बाकावर बसल्या बसल्या मी म्हणाले, "शेवटचा हात तूच लावलास ना ब्रेकला?"

खाली बघून "हो" म्हणाला. तेवढंच.

तेव्हापासून फोन करतो, घरी येत नाही. आणि मीही 'ये' म्हणत नाही. तुझी चूक नाही रे, असं म्हणावंसं कितीदा वाटलं. पण मनात नसलेलं कसं म्हणू?

१० जानेवारी

मिस्त्रींनी समोर बसवूनच लिव्हर उघडली. "बसा काकू, वेळ लागेल. हा ब्रेक म्हणजे सासूबाई! कलाकलाने घ्यावं लागतं." म्हटलं, मीसुद्धा एकुलत्या मुलाची आई आहे, जपून बोला. खूप हसले.

आतून बोटाच्या पेराएवढा दट्ट्या निघाला, त्याला रबराची कडी. "हे बघा, भिजवलेल्या हरभऱ्यासारखं फुगलंय. दट्ट्या आत जातो, परत येत नाही. मग लिव्हर अडकते आणि चाक आवळलेलंच राहतं." मग तेलाचा थेंब बोटावर घेऊन वास घेतला. हसू गेलं त्यांचं.

"ह्यात मोटारीच्या ब्रेकचं तेल पडलंय. ह्या सायकलीला मिनरल तेल लागतं. मोटारीचं थोडं जरी गेलं तरी दिवस-दोन दिवसांत रबर फुगतं."

"माझ्या मुलाने घातलं होतं..."

"छे! त्याने माझ्याकडूनच नेलं होतं. मिनरलचं. ह्या हातांनी दिलंय मी. हे त्याच्यानंतर घातलंय कुणीतरी."

लिव्हरमधली, चाकाजवळची, सगळी रबरं बदलून देतो म्हणाले. मी उठले. पिशवी तिथेच विसरले.

११ जानेवारी

त्याच्यानंतर.

रविवार होता तो. मुलगा परत गेला होता. जाताना सांगून गेला, "लिव्हर जरा मऊ लागतेय, आत हवा राहिलीय. पुढच्या शनिवारी बघतो, बाबा, तुम्ही हात लावू नका." ह्यांना कुठला धीर! लिव्हरवरच्या तेलाच्या डबीचं झाकण काढून बसले. "अगं, ब्रेकच्या तेलाची बाटली दे. आणि ओत तूच, तुझा हात स्थिर आहे. माझा चष्मा आत राहिलाय."

ओट्यावर दोन बाटल्या होत्या. एक मुलाची. दुसरी ह्यांच्या कामावरच्या गाडीसाठी आणलेली. दोन्हींवर चाकाचं चित्र. मला तेव्हा अक्षरओळख नव्हती. ज्या बाटलीवरचं चाक मोठं होतं ती उचलली. चमचाभर ओतलं. एक थेंबही सांडला नाही. "वा!" म्हणाले हे.

चमचाभर तेलाला कोण काम म्हणतं? म्हणून इस्पितळात मला ते आठवलंसुद्धा नाही. शेवटचा हात!

१२ जानेवारी

बाटली सापडली. अगदी वरच्या फळीवर, रंगाच्या डब्यामागे. स्टुलावर चढूनही हात पुरेना, काठीने पुढे ओढली.

हे गेल्यावर वाचायला शिकले मी. औषधांची पाकिटं, दुकानांच्या पाट्या, मग वर्तमानपत्र, मग पुस्तकं. वाचनालयातल्या बाई म्हणतात, एवढी पुस्तकं तर आम्हीही वाचत नाही. आज ती बाटली वाचली. वर मोठ्या अक्षरांत — मोटारींसाठी. खाली बारीक — मिनरल तेलाच्या ब्रेकमध्ये घालू नये.

सहा शब्द. बोट ठेवून वाचायची गरज नव्हती. तरी ठेवलं.

१४ जानेवारी

सायकल आली. लिव्हर दाबली की आत, सोडली की झटकन बाहेर. उगाचच वीसेक वेळा करून बघितलं. नर्सबाई गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आल्या. "काय मस्त थांबते हो!"

घरात येऊन दार लावून बसले.

मुलाला सांगायला हवं. नाही सांगितलं तर कुणाला कळणार नाही, हेही मनात येऊन गेलं. लिहून ठेवते, येऊन गेलं. पण चार वर्षं माझं ओझं तो वाहतोय. मी त्याच्या डोक्यावर ठेवलेलं. सांगितल्यावर मला आई म्हणेल का, ठाऊक नाही.

१५ जानेवारी

फोन केला. सगळं सांगितलं. बाटली, चाकाचं चित्र, चमचा, माझा हात. तू निर्दोष आहेस म्हटलं. 

मग म्हणाला, "ती बाटली ओट्यावर उघडीच होती, आई. बाबांचे कपडे न्यायला आलो तेव्हा. मीच झाकण लावलं आणि वर रंगाच्या डब्यामागे ठेवली."