काट्यावरचा कॉम्प्युटर

२ सप्टेंबर १९७९, सांगली
मेहुण्याने, म्हणजे पद्माच्या भावाने गोपाळकृष्णने, अमेरिकेहून आणलेला कॉम्प्युटर जोडून झाला. दिवे लागतात. संकल्प: हंगामाआधी इस्लामपूरकडच्या साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बसवायचा. उसाची गाडी काट्यावर आली की वजन आपोआप आत, शेतकऱ्याचं नाव टाइप केलं की पावती बाहेर. कॉलेजातली डेमॉन्स्ट्रेटरची नोकरी आता फारच लहान वाटते.

१० सप्टेंबर
राजीनामा दिला. प्राचार्य म्हणाले, रजा घ्या. रजा घाबरट लोक घेतात. पद्मा काही बोलली नाही. मूक संमती.

२१ सप्टेंबर
पद्माला इंटरप्ट समजावला. प्रोसेसर आपल्या कामात असतो. कीबोर्ड किंवा वजन आत आणणारं काट्याचं कार्ड त्याला आपापल्या तारेवरून हाक मारतं. तारेला नंबर असतो. ऑपरेटिंग सिस्टिमकडे तक्ता असतो: या नंबरची हाक आली की हे काम. तिने विचारलं, नंबर कोण वाटतं? सिस्टिमच, असं ठणकावून सांगितलं. मॅन्युअलमध्ये कार्डावरच्या तारा हाताने हलवण्याबद्दल काहीतरी आहे. ते नवशिक्यांसाठी असावं. वाचलं नाही.

७ ऑक्टोबर
कीबोर्ड जोडला. उत्तम. तो काढून काट्याचं कार्ड जोडलं. उत्तम. दोन्ही एकदम जोडणार तोच वीज गेली. वेगवेगळी चालतात म्हणजे एकत्र चालणारच. कारखान्याच्या चेअरमन लालासाहेबांना प्रात्यक्षिकाची तारीख कळवून टाकली.

२८ ऑक्टोबर
पद्माला साताऱ्याच्या शाळेत नोकरी लागली. दिवाळीची सुट्टी संपली की जाणार. तोवर माझं नाव झालेलं असेल, तिला जावं लागणार नाही.

४ नोव्हेंबर
कारखान्यावर प्रात्यक्षिक. पहिली गाडी जोतिबा नावाच्या शेतकऱ्याची. नावाचा J दाबला. तेवढ्यात बैल हलले, वजन बदललं, काट्याच्या कार्डाने हाक मारली. सिस्टिमला वाटलं कीबोर्डच, परत J दाबला. दोघांचा नंबर एकच. बैल उभ्या उभ्या हलत राहिले, प्रिंटर J छापत राहिला. जोतिबाने हातभर कागद वरून खालपर्यंत पाहिला.
"आवं, ह्यातलं माजं वजन कंचं?"
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मागे गाड्यांची रांग. बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा J. बैल शांत हवे होते.

६ नोव्हेंबर
मॅन्युअल वाचलं. सिस्टिम काही वाटत नाही. तारा मीच हलवायच्या होत्या, तक्ताही मीच भरायचा होता. सोपं आहे.
दुपारी: तार हलवताना सोल्डरिंग गनने कार्ड जळालं. ते बनवणारी कंपनी बुडाल्याचं गोपाळकृष्ण मागेच म्हणाला होता.

१२ नोव्हेंबर
कॉलेजात सहज डोकावलो. माझी जागा भरली. प्राचार्यांनी चहा पाजला. पद्माला साताऱ्याच्या एस.टी.त बसवून आलो.

२६ नोव्हेंबर, इस्लामपूर
नवी तारीख मागायला लालासाहेबांकडे गेलो होतो. त्यांनी माझा अर्ज बराच वेळ पाहिला. म्हणाले, "मास्तर, अक्षर लय चांगलं हाय तुमचं. हंगामभर काट्यावर बसा, पावत्या लिवा." पद्धत आतून अभ्यासायला मिळेल म्हणून हो म्हटलं.

९ डिसेंबर
रविवार. पद्मा भेटायला आली. साताऱ्यात खोली घेतलीय, हंगाम संपला की तिकडेच या, म्हणाली. बघतो म्हणालो. एस.टी. सुटताना खिडकीतून म्हणाली, "अहो, येताना ते यंत्र आणू नका. खोली लहान आहे."
असेल लहान.